‘सीरियस’च्या उलट काय?

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका इंग्रजी शब्दांना घाबरणारा माणूस नाशिकमध्ये दुसरा नसावा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. देवळाली कॅम्पातल्या लष्करी कचेरीत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी कागद टाइप केले आणि निवृत्त होऊन पंचवटीत राहायला आले ते ही भीती बरोबर घेऊनच. कुठलाही इंग्रजी शब्द वापरण्यापूर्वी ते त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधत. चटकन सापडला तर शब्द भरवशाचा, नाहीतर धोक्याचा. ‘‘ज्यातून माघारी येता येत नाही, त्या शब्दात शिरायचंच कशाला?’’ असं ते म्हणत. टेंपररीला पर्मनंट होता, सँक्शनला रिजेक्ट होता, म्हणून त्या शब्दांशी त्यांचं बरं चाले. ‘अर्जंट’ला मात्र मनासारखा जोडीदार कधीच मिळाला नाही. तसा शिक्का असलेलं पाकीट ते दोन बोटांनी धरत. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात होतो. अण्णा सायकलवरून येत आणि दारातूनच विचारत, ‘‘काय हो, कर्फ्यूच्या उलट काय?’’ मला सांगता येत नसे. ‘‘म्हणजे तुम्ही रोज जिवावर उदार होऊनच छापता,’’ असं म्हणून ते घाम पुसत.

एकदा ओळखीच्या एका वकिलांच्या फाटकावर ‘बिवेअर ऑफ डॉग’ अशी पाटी पाहून अण्णा उन्हात बाहेरच उभे राहिले. वकील ओरडले, ‘‘या ना आत, कुत्रं मेलं गेल्या वर्षीच!’’ अण्णा म्हणाले, ‘‘पाटी आहे ना अजून!’’ त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ही गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगत आणि वर पुस्ती जोडत, ‘‘वाइफच्या उलट हजबंड आहे, म्हणून संसार तरी झाला. नाहीतर बोहल्यावरूनच पळाले असते.’’ अण्णा हसत नसत, पण काकूंकडे बघत राहत.

याच काकू एका उन्हाळ्यात अंथरुणाला खिळल्या. त्यांना दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. धाकटा मुलगा सैन्यात होता, काश्मीरकडे. अण्णा मला घेऊन तार ऑफिसात गेले. फॉर्म पुढ्यात होता आणि त्यांचा हात चालत नव्हता. तारबाबू म्हणाले, ‘‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. सगळे हेच लिहितात, काका.’’

‘‘सीरियसच्या उलट काय?’’

‘‘नॉट सीरियस.’’

‘‘ते उलट नव्हे. तो नुसता नकार झाला.’’

मागची माणसं चुळबुळ करू लागली. मी सुचवलं, ‘‘अण्णा, ‘इल’ लिहा. त्याला ‘वेल’ आहे.’’

‘‘इलवर रजा मिळत नाही,’’ अण्णा हळूच म्हणाले. ‘‘कचेरीत जवानांच्या घरून यायच्या तसल्या तारा मीच बाजूला ठेवायचो. साहेबापुढं जायची ती सीरियसची. आणि ती हातात पडली, की पोरं काय समजायची ते मी पाहिलंय. कोणी विचारायचंसुद्धा नाही आई आहे का म्हणून. सरळ ट्रंक भरायला लागायची.’’

हे मला नवं नव्हतं. त्या काळी घरोघरी ‘सीरियस’चा अर्थ एकच घेतला जाई, माणूस गेलं. रजा मिळवून देणारा शब्द आणि मुलाला वाटेत पोरका करणारा शब्द एकच होता. अण्णांनी डोळे मिटले, तो शब्द लिहिला आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला. बाहेर आल्यावर ते पायरीवरच थांबले. ‘‘लिहिलं म्हणून काही होणार नाही ना हो तिला?’’ त्यांनी विचारलं.

त्यानंतर माझी बहीण दवाखान्यात बसे आणि अण्णा नाशिक रोड स्टेशनवर. उत्तरेकडून येणारी एकही गाडी त्यांनी चुकवली नाही. मुलाशी पहिलं बोलणं आपलंच झालं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. काकू पुढे दिवाळीपर्यंत होत्या. पण तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मुलगा आला त्या दिवशी मी फलाटावर होतो. तो डब्याच्या दारात उभा होता, डोळे सुजलेले. गाडी अजून थांबलीही नव्हती. अण्णा डब्याबरोबर धावत होते आणि ओरडत होते, ‘‘आहे रे! आई आहे! आहे!’’ पोरगा उतरला, ट्रंकेवरच बसला आणि हमसून रडू लागला. अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि त्याला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले.