चाकणचा च

परवा ऑफिसात कुणीतरी जुना कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीच्या वासाने मला पिंपळे सौदागरच्या आमच्या घरातला एक रविवार आठवला. माझे बाबा चाकणच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर मधुमेहाने त्यांची नजर गेली, वाचन सुटलं आणि हळूहळू आमच्याशी बोलणंही. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला नवी विंडोज झेपत नव्हती, म्हणून त्या दिवशी मी ती काढून लिनक्स टाकायला बसले. ते फुकट मिळतं आणि पडद्यावरचं मराठी वाचूनही दाखवतं, असं हिंजवडीतल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं. "माझ्यासाठी कशाला खटपट करतेस?" बाबा म्हणाले. संध्याकाळी एकदाचा स्पीकर खरखरला आणि पत्र्यासारख्या आवाजात चाकणच्या वाहतूक कोंडीची बातमी वाचू लागला. बाबा ताडकन उठून बसले. "अरे, चाकणमधला च चहातला नाही, चाकातला!" आई कणकेच्या हातांनीच बाहेर आली. हे सॉफ्टवेअर कुणालाही बदलता येतं, त्यामुळे थोडी शोधाशोध करून मी तो उच्चार दुरुस्त केला आणि बातमी पुन्हा लावली. आवाज या वेळी 'चाकण' अगदी नीट म्हणाला. "शाब्बास. बस खाली," बाबा म्हणाले, आणि आई तोंडाला पदर लावून हसत सुटली. आताही मी हिंजवडीहून दमूनभागून घरी पोचते, तेव्हा कुलूप उघडायच्या आधीच बाबांचा चढा आवाज ऐकू येतो. आत त्यांचा तास चालू असतो.