सोळावर न थांबणारा दीर

शनिवार, १७ फेब्रुवारी २०१८. चिनी नववर्षाचा दुसरा दिवस. हवा कोरडी. पुतणी ले चू तिच्या मुलीला घेऊन सकाळीच आली. संत्र्यांची जोडी आणि भाजलेल्या मांसाचं पाकीट आणलं. दुपारी कालच्या उरलेल्याचं आंबट कालवण केलं, मोहरीची पानं जरा जास्त पडली. जेवणानंतर पत्ते. या वर्षी पानं तेइक हुआटने वाटली.

तेइक हुआट माझा धाकटा दीर. पेनांगमधल्या आमच्या घरातला तो एकटाच डोंगरावर गेला. डोंगरावर म्हणजे कॅसिनोत. मिसरूड नीट फुटलं नव्हतं तेव्हा गेला आणि केस पांढरे झाल्यावर परतला. सगळा जन्म त्याने हिरव्या टेबलामागे उभं राहून एकवीसच्या खेळाची पानं वाटली. टेबल सोडताना तिथे टाळी वाजवून दोन्ही तळवे वर करून दाखवावे लागतात, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला कळतं की हातात काही नाही. ती सवय इतकी अंगात मुरली आहे की माझ्याकडे जेवून उठतानाही तो तळवे दाखवतो. पहिल्यांदा मला वाटलं, भात मागतो आहे. मी वाढलाही. त्याने तो मुकाट्याने खाल्ला.

सणात कॅसिनोत सर्वांत जास्त गर्दी, म्हणून नववर्षाला त्याला कधी सुटी मिळाली नाही. बायको आ होंग बटरवर्थला कपडे शिवायची आणि मुलगी ले चू तिच्याजवळच वाढली. तो अधूनमधून यायचा, झोपायचा, परत जायचा. आ होंग गेली तीही सणातच. तो दुसऱ्या दिवशी पोचला.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि माझ्या मागच्या खोलीत उतरला. थोडे दिवस, म्हणाला. त्याला इपोहला लेकीकडे राहायला जायचं होतं, पण तिला विचारायचा धीर होईना. शेवटी मीच फोन केला. ती म्हणाली, सणाला येते, बघते, मग सांगते. लग्न झालेल्या मुलींनी दुसऱ्या दिवशी माहेरी यायचं असतं आणि तिचं माहेर आता माझंच घर. त्या फोननंतर तो रोज दाढी करू लागला.

आमचा घरचा खेळ कॅसिनोतल्या खेळाचाच भाऊबंद. प्रत्येकाला दोन पानं. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडली तर फुटलात. सोळा झाल्याशिवाय थांबता येत नाही. एक्क्याबरोबर चित्राचं पान आलं तर दुप्पट, दोन्ही एक्के आले तर तिप्पट. पाच पानं घेऊनही फुटला नाहीत तर दुप्पट. पहिल्या दोन पानांत नेमके पंधरा आले तर डाव सोडून पळता येतं. वाटणाऱ्याला मात्र एक मोठी मुभा असते: त्याचे सोळा झाले की हव्या त्या खेळाडूची पानं तो आधी उघडू शकतो आणि उरलेल्यांसाठी आणखी एक पान घेऊ शकतो.

माझे यजमान होते तोवर तेच वाटायचे. ज्यांनी तीन-चार पानं ओढली त्यांना ते आधी उघडत, कारण त्यांतले बरेच फुटलेले असतात. दोन पानांवर गप्प बसलेल्यांना शेवटी. आणि एखादं पोर रडवेलं दिसलं की त्याच्याकडे काहीही असो, म्हणायचे, पंधरा दिसतात रे, पळ.

हे सगळं तेइक हुआटने कधी पाहिलं नव्हतं. माझा मुलगा एंग सून म्हणाला की वाटायला आचेकच, म्हणजे काकाच, बसणार, घरात एवढा मोठा उस्ताद असताना दुसरं कोण? तो बसला. पानं अशी सरकत होती की टेबलावर तेल सांडलं असावं. ले चूची मुलगी झी छिंग तोंड उघडं टाकून आजोबांचे हात बघत होती. ले चूही बघत होती.

चिल्लर संपली तशी झी छिंगने सणाला मिळालेल्या लाल पाकिटातली कोरी नोट पुढे ठेवली. एक पान ओढलं आणि ओठ आत घेतले. तेइक हुआटचे अठरा होते. त्याने कोणाच्या तोंडाकडे न बघता एका टोकापासून सगळ्यांची पानं उघडली. झी छिंगचे सोळा निघाले. त्याने दोन बोटांनी नोट ओढली. एंग सूनने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला, तर काय पडलं म्हणून तो वाकून बघू लागला.

ले चू हळूच म्हणाली, "पा, नात आहे ती. गिऱ्हाईक नाही."

"उघडल्यावर परत देता येत नाही," तो म्हणाला आणि त्याने छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पंख्याच्या वायरीशिवाय काही नाही.

मुलगी आईच्या मांडीवर जाऊन बसली. पुढच्या डावात त्याला पहिल्या दोन पानांतच सोळा आले. एंग सूनपुढे चार पानं पडली होती. कोणीही आधी त्यालाच उघडलं असतं. तेइक हुआटने आणखी एक पान घेतलं, नव्वी आली, फुटला. ज्यांचे शाबूत होते त्यांना त्याने ओळीने पैसे दिले. चेहरा तोच.

एंग सून हसायला लागला. "अहो आचेक, सोळावर थांबून मला उघडायचं ना. माझे तेवीस झालेत, बघा."

"तिथे सतरा होईपर्यंत घ्यावंच लागतं."

"इथे घेतलं नाही तर कोण काढून टाकणार आहे तुम्हाला?"

सगळे हसले. ले चू उठून भांडी आत घेऊन गेली. मी मागोमाग गेले.

ती वाडगे पुसत होती. पुसलेलेच पुन्हा पुसत होती. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तिने डोंगरावर फोन केला होता, ते तिने सांगितलं. निरोप पोचला, पण पाळी संपेपर्यंत तो टेबलावरून हलला नाही. इतकी वर्षं तिला वाटायचं, त्याला आमचं काही वाटतच नाही.

"आता कळलं मला, आउम," ती म्हणाली. मला ती लहानपणापासून आउम, म्हणजे मोठी काकू, म्हणते. "रागाने नव्हतं ते. त्यांना थांबताच येत नाही."

"मग नेतेस?"

तिने वाडगा पालथा ठेवला. "कळलं म्हणून घरी नेता येतं असं नाही. झी छिंगपुढे मला ते रोज बघायचं नाही. तुमच्याकडेच राहू दे. सणाला येईन मी."

तिची संध्याकाळची बस होती. निघताना तिने वडिलांना दोन्ही हातांनी लाल पाकीट दिलं आणि त्याने नातीला एक दिलं. झी छिंगकडून जिंकलेली नोट त्या पाकिटात होती की नाही, मला माहीत नाही.

दीर आणि मी दार लावून आत आलो. सणात केर काढायचा नसतो, म्हणून शेंगांची टरफलं तशीच पसरली होती आणि त्याच्या चपलेखाली वाजत होती.

"काय म्हणाली, आसो?" वहिनी म्हणून तो मला आसो म्हणतो.

मी जसं होतं तसं सांगितलं. त्याने मान हलवली. मग विचारलं, मागच्या खोलीत रात्री डास येतात, त्याचं काही करता येईल का?

रात्रीचं जेवण कोणालाच नको होतं. रोजच्या वहीत दुपारच्या नोंदीखाली मी एक ओळ वाढवली: मागच्या खोलीच्या खिडकीची जाळी उजवीकडून फाटली आहे, सणानंतर सुताराला बोलवायचं.