अकेली नव्हे, केळी

माझी धाकटी जाऊ फोपनार गावी राहते, मी बऱ्हाणपुरात लालबागला. शेत तिच्याकडे, हिंदी माझ्याकडे, अशी आमची वाटणी. मी जन्मभर हिंदी शाळेत शिकवलं. ती मराठी चौथी शिकलेली. तिच्या मोबाइलवर हवामानाचा निरोप आला की संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. "ताई, तेज हवाएँ म्हणजे नुसता वारा का वावधान?" मी अर्थ सांगायची. मग भाजी काय केली, म्हैस कशी उधळली, सगळं निघायचं. हे गेले, पोरगी बंगळुरात गेली, तेव्हापासून घरात माणसाचा आवाज म्हणजे तोच एक.

एकदा चैत्रात तिचा फोन आला नाही. निरोप मात्र आला होता, 'ओलावृष्टि की संभावना'. त्या दिवशी बाईंनी स्वतःच अर्थ लावला! ओला म्हणजे ओला, वृष्टी म्हणजे पाऊस. पाऊस काय कोरडा असतो होय, म्हणून हसली अन् मोबाइल ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी गारांनी केळीचा बाग झोडपून काढला. कापायला आलेले घड आदल्या दिवशी उतरवता आले असते. "गारपीट म्हणायला यांच्या जिभेला काय झालं होतं?" म्हणून ती रडली, अन् मला असा संताप आला की विचारू नका.

दोन पावलांवर महाराष्ट्रातलं रावेर. तिथं त्याच वाऱ्याचा इशारा मराठीत येतो. आमच्या मोबाइलवर मध्य प्रदेश निवडला की हिंदीच. मराठी पाहिजे तर राज्य बदला! वारा काय आधार कार्ड बघून येतो?

अशात एका संस्थेनं ऑनलाइन बैठक बोलावली. शेजारची राज्यं, शेजारचे देश, सगळ्यांनी मिळून इंटरनेटचे नियम कसे करावेत, कोणी मागं राहू नये म्हणून काय करावं, असा विषय. सीमेवरच्या लोकांनाही बोलता येणार होतं. मी नाव दिलं. दिसणार खांद्यापर्यंतच, तरी इस्तरीची साडी नेसले. हिंदी येत असून मुद्दाम मराठीत बोलले, कारण भांडण मराठीचंच होतं. खाली मशीन आपोआप हिंदी अक्षरं उमटवत होती.

मी तावातावानं म्हटलं, "कापसाला सगळे विचारतात, अन् केळीला कोण विचारतो?"

खाली उमटलं, "अकेली को कौन पूछता है?"

सगळ्यांचे चेहरे पडले. काठमांडूच्या एका बाईनं छातीवर हात ठेवला. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "दीदी, आप अकेली नहीं हैं. हम सब आपके साथ हैं."

"अहो, केळी! केला, केला! खातात तो!" मी ओरडले. पण माझी वेळ संपली होती, माइक बंद.

पुढं बैठकीचं टिपण आलं. 'बुरहानपुर की एक वृद्ध बहन ने अकेलेपन की पीड़ा रखी.' वृद्ध! तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथं लिहून पाठवलं. अकेली नव्हे, केळी. ओलावृष्टि नव्हे, गारपीट. भाषा राज्यावरून ठरवू नका, माणसाला विचारा. दोन्ही राज्यांनी मिळून एकच इशारा दोन्ही भाषांत द्यावा. आणि ते अकेलेपन आधी खोडा.

त्यांनी खोडलं. मागणी वर गेली, आणि खरं सांगते, मला वाटलं नव्हतं, पण पुढच्या उन्हाळ्याआधी मोबाइलवर आमच्या जिल्ह्याच्या नावापुढं मराठी आली.

मग एकदा बाजारात फोपनारची एक ओळखीची भेटली. म्हणाली, गारा पडल्या, पण तुमच्या जावेनं घड आदल्या दिवशीच उतरवले. मला पत्ताच नाही! घरी येऊन जावेला फोन लावला.

"हौ ताई, गारपीट असं स्वच्छ लिहिलं होतं! आता सगळं मलाच वाचता येतं. तुम्हाला रोजचा त्रास नाही."

आनंद झाला, खरंच झाला. देवापुढं साखर ठेवली. संध्याकाळी सवयीनं मोबाइल पदराला पुसून शेजारी ठेवला आणि बसून राहिले. दिवे लागले, शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तो काही वाजला नाही.

त्या मशीनला मराठी येत नाही म्हणून मी काय काय नाही बोलले. मेलीनं बरोबरच ऐकलं होतं.