वारज्याचा ओटा रेडिओ आणि दुर्गाबाईंची अट

दुर्गाबाई ओटा रेडिओवर पहिल्यांदा गेल्या त्या भांडायला. वारज्यातल्या त्या छोट्याशा सामुदायिक केंद्रावरून पाण्याची वेळ चुकीची सांगितली गेली होती, आणि त्यांच्या गल्लीतल्या बाया पहाटे रिकाम्या कळश्या घेऊन ताटकळल्या होत्या. केंद्र चालवणाऱ्या दीपालीनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्यापुढे माइक सरकवला. "मग उद्यापासून तुम्हीच सांगा, बाई."

हिंगोलीकडच्या खेड्यातून नवऱ्यासोबत, नागोरावांसोबत, पुण्यात आलेल्या, सातवी शिकलेल्या आणि कर्वेनगरात चार घरी पोळ्या लाटणाऱ्या दुर्गाबाई त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता बोलू लागल्या. पाणी कधी येणार, दाखल्यांचं शिबिर कुठं आहे, कुठला रस्ता खणलाय. लोक कामं टाकून ऐकायचे.

चार वर्षं झाली आणि ज्या संस्थेच्या देणगीवर केंद्र चालायचं, तिनं हात आखडता घेतला. तेव्हा बांधकाम व्यावसायिक विक्रमशेठ स्वतः चालत आले. वर्षाचा सगळा खर्च उचलायला ते तयार होते. मागणी एकच आणि किरकोळ. त्यांच्या डंपरनं आठवड्यापूर्वी जलवाहिनी फोडली होती आणि दुर्गाबाईंनी ते जागेसकट सांगून टाकलं होतं. "पुढच्या वेळी 'तांत्रिक कारणामुळे पाणी नाही' एवढंच म्हणा," शेठ म्हणाले.

"म्हणलं असतं साहेब," दुर्गाबाई म्हणाल्या, "पण बाया मला विचारतील, हे तांत्रिक कारण कुठल्या गल्लीत राहतंय?"

शेठसुद्धा हसले, पण चेकबुक खिशात ठेवून निघून गेले. दीपालीचा चेहरा पडला. त्या रात्री दुर्गाबाईंनाही घास गोड लागेना. आपल्या एका वाक्यानं केंद्रावरच्या चार जणांची नोकरी तर नाही ना गेली?

दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता त्यांनी ही गोष्ट यज्ञेश्वरकाकांना सांगितली. पोळ्यांच्या चार घरांपैकी एक घर काकांचं; सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कर्वेनगरातले नामांकित खवट गृहस्थ.

"काका, लोकांकडूनच पैसे घेतले तर?"

"घ्या की. पण जो जास्त देईल तो उद्या डोक्यावर बसेल."

"मग जास्त घ्यायचेच नाहीत. कुणी का असंना, महिन्याला शंभराच्या वर एक रुपया नाही."

काकांनी चष्मा काढला. "दुर्गाबाई, ही अट चांगली आहे. नियम मी लिहून देतो."

"पण तुम्ही आमचा रेडिओ कुठं ऐकता?"

"नाही ऐकत. म्हणूनच निःपक्षपातीपणे लिहीन."

एका पानात नियम झाले. वर्गणीला शंभराची मर्यादा. जाहिरात सरकारी नियमात बसेल तेवढीच आणि सर्वांना एकच दर. तक्रारी ऐकायला श्रोत्यांतून निवडलेले पाच जण. आणि पैसे देणाऱ्यानं काय बोलायचं ते सांगायचं नाही. दुर्गाबाईंनी ते पान संध्याकाळी सावकाश वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या जिन्यात रांग लागली. भाजीवाल्या, रिक्षावाले, गणपती मंडळाची पोरं. कुणी दहा दिले, कुणी वीस.

खर्च पुरता निघाला नाही. दुपारचा एक तास बंद करावा लागला, पण नोकरी कुणाचीच गेली नाही. महिन्याभरानं विक्रमशेठनी माणूस पाठवून शंभर रुपये भरले आणि ठरलेल्या दरानं आपल्या नव्या सदनिकांची जाहिरातही दिली. दुर्गाबाईंनी ती झकास वाचली.

पाच जणांच्या समितीत दुर्गाबाईंनीही यावं, असा आग्रह झाला. "बोलणारीच न्याय करायला बसली तर कसं?" म्हणून त्यांनी हात जोडले. त्यांच्या जागी, नियम लिहिणारे म्हणून श्रोता नसतानाही, निवडून आले ते यज्ञेश्वरकाका. आता ते रोज पाच वाजता रेडिओ लावतात आणि दर सोमवारी बाईंच्या उच्चारांच्या चुकांची यादी समितीपुढे ठेवतात. दुर्गाबाई ती यादी हसत हसत श्रोत्यांना वाचून दाखवतात, आणि सध्या वारज्यात सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम तोच आहे.