अनघाचं नाव

नागभीड जंक्शनच्या फलाटावर बाबा माझ्या पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. ही गाडी बल्लारशापर्यंत, तिथून पुण्याची. बी.एड. झालं होतं आणि पुण्यातल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती. आमच्या घरातलं तोवर कुणीच इतक्या लांब गेलं नव्हतं. बाबा थोडं धान लावायचे, गावच्या तलावात मासे धरायचे आणि बेताचंच बोलायचे. गाडी हलली तेव्हा खिडकीसोबत चालत एवढंच म्हणाले, "भूक लागली त मागून खाजो. लाजू नोको."

तुम्ही जे गावातच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कधीतरी अशाच गाडीत बसलात, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे.

पुण्यात भुकेची अडचण आली नाही, अडचण आली ती बोलण्याची. पहिल्याच आठवड्यात वर्गात तोंडून "मले सांगा" निघालं आणि शेवटच्या बाकापर्यंत हसू पसरलं. मग मी स्वतःला दुसरी मराठी शिकवली. तिचा आवाजही दुसरा होता, थोडा चढा आणि घट्ट. त्या आवाजात मी पुष्कळ वर्षं शिकवलं. बाबा गेले तेव्हा गावी जाऊन आले आणि त्याच आवाजात पुन्हा पेशींची रचना सांगायला उभी राहिले.

काम वाढत गेलं. हजेरी मोबाईलवर, गृहपाठ मोबाईलवर, पालकांचे प्रश्नही मोबाईलवर, जेवताना आणि रविवारीसुद्धा. सकाळी बसमध्ये बसले की हात थंड पडायचे. सगळ्यात विचित्र म्हणजे मला कशाचं कुतूहल वाटेनासं झालं. विज्ञान शिकवणारीला "असं का होतं?" हा प्रश्नच पडत नव्हता.

माझ्या दहावीच्या वर्गातल्या अनघाला मात्र तो सारखा पडायचा. खिडकीजवळ बसायची आणि तास संपता संपता हात वर करायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिला डेंगी झाला आणि ती गेली.

शाळा उघडली. प्रार्थनेनंतर सगळे थोडा वेळ शांत उभे राहिले आणि पहिला तास सुरू झाला. "बोर्डाचं वर्ष आहे, मुलांसमोर विषय काढू नका," असं आम्हाला सांगितलं गेलं. मी काढला नाही. हजेरीत तिच्या आधीचं नाव घ्यायचे, तिच्या नंतरचं घ्यायचे. मध्ये जीभ अडखळायची, एवढंच. मुलंही खाली बघायची.

संक्रांतीच्या सुमारास माझा आवाज बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी तपासलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. औषधापेक्षा मौन महत्त्वाचं, म्हणाले. काही आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. शिकवायचं नाही म्हटल्यावर पुण्यात मी करणार काय? गावी गेले.

भाऊ, सुनील, नागभीडला घ्यायला आला होता. आईनं दारातच माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू काई बोलू नोको. मीच बोलीन." आणि ती बोलली. सगळं गावच येऊन बोललं. उत्तर न देणारा माणूस मिळाला की लोक काय काय सांगतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी शाळेची जुनी पाटी मांडीवर घेऊन ऐकायचे, आणि हळूहळू मला ऐकावंसं वाटू लागलं.

रोज यायच्या त्या शेजारच्या कुसुमबाई. त्यांचा मोठा मुलगा विलास काही वर्षांपूर्वी वैनगंगेत बुडून गेला. मार्कंड्याच्या जत्रेला गेला होता. कुसुमबाई बोलता बोलता सहज त्याचं नाव घ्यायच्या. "विलासले वांगं चालत नव्हतं." "विलास असता त आज झोपूनच राह्यला असता." कुणी गप्प होत नव्हतं की विषय बदलत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघतच राहायचे. हे यांना जमतं कसं?

शेवटी एका दुपारी पाटीवर लिहिलं. कुसुमबाईंना वाचता येत नाही, म्हणून आईनं अक्षर अक्षर लावत वाचलं, "त्याचं नाव घेताना तरास नाई होत का?"

कुसुमबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"होते ना. काई दिवस नाव काढलं का हातचं काम सुटते. त्या दिवशी नाई काढत." मग म्हणाल्या, "पण मी नाव नाई घेतलं त बाकीचे भेतीन अन् घेनारच नाईत. मंग त्याले आठवनारी मी एकटीच राहीन. तेवढं मले एकटीले नाई उचलत." आणि माझ्याकडे वळून, "तुयं कोन गेलं?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. पाटीवर "अनघा" लिहिलं आणि खाली "माझी विद्यार्थिनी". आईनं ते मोठ्यानं वाचलं. ते नाव कुणाच्या तरी तोंडून मी दिवाळीनंतर पहिल्यांदा ऐकत होते. रडताना आवाज काढायला मनाई होती, त्यामुळे नुसतंच पाणी वाहत राहिलं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरात.

मग दोघी विचारायला लागल्या. कशी होती? काय खाये? हसे कशी? काय खायची ते मला माहीतच नव्हतं. मला तिचे प्रश्न माहीत होते. त्यातला एक लिहिला, "मासे झोपतात का?"

"झोपते ना," आई म्हणाली.

"काऊन झोपीन? डोया त मिटत नाई," कुसुमबाई म्हणाल्या.

"डोया न मिटता झोपते. तुया नवरा नाई झोपत तसा?"

मला हसू आलं. कधी न भेटलेल्या मुलीच्या प्रश्नावर त्या दोघी तांदूळ विसरून भांडत होत्या. संध्याकाळी सुनील म्हणाला, "चाला, पाहूनच येऊ." पहाटे उजाडायच्या आधी त्यानं आम्हाला तलावावर नेऊन डोंग्यात, त्याच्या लहान होडीत, बसवलं. काठाजवळच्या गवतात बॅटरी मारली. मासे होते. पाण्यात टांगल्यासारखे, पर न हलवता. उजेड अंगावर पडला तरी क्षणभर तसेच राहिले, मग एकदम पांगले. मला लगेच पुढचा प्रश्न पडला. ते टांगलेले राहतात कसे? बुडत का नाहीत? वर का येत नाहीत? उत्तर मी दरवर्षी पुस्तकातून शिकवत होते, पण हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला होता.

आवाज सुटल्यावर पुण्याला परत आले, वर्गशिक्षिकेची जबाबदारी सोडली आणि रविवारी मोबाईल बंद ठेवू लागले. मुख्याध्यापिका नाराज झाल्या, पण मानलं त्यांनी. पहिल्याच तासाला मुलांना म्हटलं, "अनघाबद्दल कुणाला काही सांगायचंय?" आधी मुलांनी तिच्या खिडकीजवळच्या जागेकडे बघितलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. हात अजून कधीकधी थंड पडतात, तेव्हा मी वर्गातली खिडकी उघडून जरा उभी राहते.

त्याच आठवड्यात अनघाच्या घरी गेले. तिच्या आईनं दार उघडलं आणि शाळेचं काही काम असेल अशा नजरेनं बघितलं. मी विचारलं, "तिला खायला काय आवडायचं?" त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. मग आत बोलावलं आणि अंधार पडेपर्यंत बोलत होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं हो?" मी सांगितलं. कुसुमबाईंबद्दलही सांगितलं. आणि सहज म्हणून गेले, "या कधीतरी."

मे महिन्यात त्या खरंच आल्या. घरचं कुणी न घेता, माझ्यासोबत. कुसुमबाईंची अर्धी भाषा त्यांना कळत नव्हती, आणि त्यांची कुसुमबाईंना. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझ्याकडे कुणी बघतच नाही. अंगणात मोहाच्या सावलीत एक जण "आमची अनघा" म्हणत होती, दुसरी "आमचा विलास".

पुण्यात कुणी विचारलं की मी आजवर सांगत आले, घर तिकडे लांब, जंगलाच्या बाजूला, मी इकडे. त्या दुपारी मी आत जाऊन चुलीपाशी बसले, आणि माझं घर माझ्यावाचून एका परक्या बाईला आपलंसं करून घेत होतं. आईनं बाहेरून हाक मारली, "वंदे, पावनीले अजून भात वाढ. लाजून राह्यली ते."