काहिलीवरची वाफ

"बोटाला इचारावं, घड्याळाला न्हाई," असं म्हणत मामा बोटं आधी गार पाण्यात आणि मग थेट उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत बुडवायचे. पाकाची गोळी वळून काठावर आपटायचे. टण्ण वाजली की ओरडायचे, "उतरा रं!"

तुम्ही गुऱ्हाळ पाहिलं असेल, तर बोट घालताना गूळ करणाऱ्या गुळव्याचं तोंड कसं वाकडं होतं तेही पाहिलं असेल. आमचे गुळवे मामा, नात्याचे नव्हे, सगळ्या गावाचेच मामा, हसत असायचे. उंब्रजजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर लोक मुद्दाम ते बघायला येत. वडील मिशीवर ताव देत सांगत, "आमच्या गुळव्याचा हात भाजत न्हाई." बोटांवरच्या फोडांकडे आम्ही कुणी पाहिलं नाही. बधिरपणाला आम्ही कसब म्हणत होतो.

एका हंगामात आरोग्य खात्याचा माणूस तपासणीला आला. मामांनी हात पुढे केला. "टोचा की, सायेब." सुई केव्हाच टोचून झाली होती.

"महारोग आहे. गोळ्या चालू ठेवा. काम करायला हरकत नाही."

"पर पसरतोय कसा?" वडिलांनी विचारलं.

"नक्की कसा, ते अजून नीट कळलेलं नाही."

खरं बोलला बिचारा. तेच आम्हाला नको होतं. तो गेल्यावर सगळे माझ्याकडे वळले. मी साताऱ्याहून बी.एस्सी. होऊन आलेलो. ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. म्हणालो, "वाफेतून जात असेल." मामांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

संध्याकाळी मामांनी मला गाठलं. "धाकलं मालक, काहिल ऱ्हाऊ द्या. चुलवाणात जाळ तरी घालू द्या. खरंच वाफंतनं जातंय का वं?"

"पुस्तकात आहे," मी म्हणालो. कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्यांच्या हातच्या शेवटच्या गुळाचा खडा आमच्या घरात कुणी तोंडात घातला नाही. ढेपा मात्र सांगलीच्या पेठेत गेल्या. गाडीत मीच चढवल्या. आजही स्वतःची चीड येते. गाव निदान घाबरलं होतं. मी नुसता शहाणा दिसायला बोललो होतो.

दोन वर्षांनी रहिमतपूरच्या बाजारात मामी दिसल्या. म्हणाल्या, "दाक्तर म्हनतोय, आता भ्या न्हाई. पर ह्ये चुलीम्होरं येत न्हाईत. नातवंडास्नी वाफ लागंल म्हनत्यात. भायेर बसून गार भाकरी खात्यात. मी ताट ठिवून मागं झाले, की मग त्वांडावरचं फडकं काडत्यात. आवं, तुमी शिकल्यालं. तुमचं ऐकत्याल. येऊन सांगा की त्यास्नी."

मी हो म्हणालो. मामा गेल्याचं कळलं, तोवर गेलो नव्हतो.