एकतीस तारखेचा पुढचा महिना

ऑफिसात त्याला सगळे ‘कॅलेंडर’ म्हणत. तारखांचं कसलंही काम आलं की साहेब मान न वळवता ओरडायचे, “अरे कॅलेंडर, हे घे रे बाबा, तुझंच खातं!” तोही खूश. डोळ्यांच्या दवाखान्याचं काम असंच त्याच्या पदरात पडलं. ज्यांना दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन लागतं, त्यांना महिना लागायच्या आधी मोबाईलवर तारखेचा मेसेज जायला हवा. पूर्वी रिसेप्शनच्या मावशी एकेकाला फोन करत, “हॅलोऽऽ, दवाखान्यातून बोलतेयऽऽ, ऐकू येतंय काऽऽ?” पलीकडचे आजोबा तेवढ्याच जोरात विचारत, “कोण गेलंऽऽ?” नोव्हेंबर संपताना मशीन आलं आणि मावशींचा घसा वाचला.

पेशंटांमध्ये कॅलेंडरचे वडीलही होते. अप्पा शिंपी. माप द्यायला आलेला माणूस हात वर करून उभा राहिला की त्याची सुटका नाही. अप्पा टेप त्याच्या छातीभोवती तसाच ठेवून मोबाईल दाखवणार. “बघा, आला मेसेज. पोराने बनवलंय. डॉक्टर विसरेल, हे नाही विसरायचं.”

जानेवारी संपताना मेसेज आला तो एकदम मार्चचा.

“मधला महिना कुठे गेला रे?” आईने विचारलं.

कॅलेंडरने लॅपटॉपमधून डोकंसुद्धा काढलं नाही. “अगं, डॉक्टरांनी अंतर वाढवलं असेल. सिस्टिमने दिलंय ना, मग झालं.”

“डोळा सुधारला असणार,” अप्पांनी पोराची बाजू घेतली. “तू उगाच त्याच्या मागे लागू नकोस.”

फेब्रुवारी सरत आला आणि अप्पांचं पट्टीशी भांडण जुंपलं. खडूने रेघ मारायची, डोळे बारीक करायचे, पुसायची. “पट्टीच वाकलीय मेली!” ते करवादले. कॅलेंडरने पट्टी उचलून पाहिली. स्टीलची पट्टी, तिला वाकायला काय झालंय? त्याने गंमत म्हणून अप्पांना डावा डोळा झाकायला लावला.

“आता?”

“मधेच नागमोडी. साप गेल्यासारखी.”

इंजेक्शन ह्याच उजव्या डोळ्यात असायचं. त्याने दवाखान्यात फोन लावला.

“अंतर? नाही होऽऽ,” मावशी म्हणाल्या. “डॉक्टरांनी काहीच बदललं नाही. आम्हीच बुचकळ्यात पडलोय, ह्या महिन्यात इंजेक्शनला कोणी फिरकलंच नाहीऽऽ. समोर नवं हॉस्पिटल झालंय ना, म्हटलं सगळे तिकडे पळाले!”

दुकानातल्या स्टुलावरच त्याने लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम महिन्याच्या शेवटच्या दिवशी चालायचा. ‘आजपासून एक महिना पुढे’ असं विचारायचा, आणि जो महिना येईल त्याचे मेसेज पाठवायचा. तीस नोव्हेंबरला डिसेंबर आला, एकतीस डिसेंबरला जानेवारी. मग उजाडली एकतीस जानेवारी. मशीनने महिन्यात एक मिळवला, झाली एकतीस फेब्रुवारी. असा दिवसच नसतो. प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा अशा वेळी मुकाट फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी थांबते. एखादी ‘असली तारीखच नाही, चल नीघ!’ म्हणून अंगावर येते. ह्याची भाषा पडली गोडबोली. ‘एकतीस फेब्रुवारी? होऽ, का नाही! जास्तीचे तीन दिवस पुढे ढकलते की. या, तीन मार्चला या!’ म्हणजे महिना कोणता? मार्च. फेब्रुवारीच्या माणसांना कोणी बोलावलंच नाही. आणि कॅलेंडरने हे तपासलं कधी होतं? भर महिन्याच्या मध्यावर, जेव्हा सगळ्याच भाषा शहाण्या असतात.

आधी महिन्याच्या एक तारखेवर जा, मग पुढचा महिना बघ, असं त्याने प्रोग्रॅमला बजावलं. एका ओळीचं काम. डोळ्याचं तसं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. “आत पाणी साचलंय. किती नजर परत येईल, आत्ता नाही सांगता यायचं,” त्या म्हणाल्या.

अप्पा डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेरच्या बाकावर टेकले आणि शेजारच्याला सांगू लागले, “हे मेसेजचं आहे ना, ते माझ्याच पोराने...”

“अप्पा,” कॅलेंडरने त्यांना मधेच तोडलं. “तुमचा महिना डॉक्टरांनी नाही गाळला. माझ्या प्रोग्रॅमने गाळला. तुमचा आणि बाकी सगळ्यांचा.”

गिऱ्हाइकाच्या कापडाला भलतीकडेच कात्री लागावी, तसे अप्पा बसून राहिले. मग म्हणाले, “बाकीच्यांना सांगितलंस?”

“मेसेज टाकतो सगळ्यांना.”

“मेसेज!” अप्पांनी हुबेहूब त्याचाच आवाज काढला. “‘सिस्टिमने दिलंय ना, मग झालं.’ फोन उचल.”

मावशींनी आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. पहिल्या नंबरवर एक आजी होत्या. “हो रे बाळा, दिसत नाही हल्ली. वय झालं, दुसरं काय.”

“वय नाही आजी. आमच्याकडून जरा...”

अप्पांची मान त्याच्याकडे वळली.

“चूक माझी आहे, आजी. आज येता येईल?”

“आणणार कोण मला?”

“मी येतो न्यायला.”

दुसऱ्या नंबरची रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद पडली. त्याने फोन खाली ठेवला.

“पुन्हा लाव,” अप्पा म्हणाले.